पुराच्या दिवसांत घरच्या घरी डिस्टिल्ड पाणी : कधी करायचं, कसं करायचं आणि कधी नादाला लागायचं नाही

जुलै उजाडला की कोल्हापुरात भेटेल तो एकच विचारतो, "राजारामला किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्याही वर गेली. दोन्ही वेळा दारात पाणी आणि नळ कोरडे, अशी गत झाली. बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं नदीकाठी आहेत, त्यामुळे मोठा पूर आला की शहराला पाणी देणाऱ्या मोटारीच पाण्यात जातात. तिकडे शिरोलीजवळ महामार्ग बंद होतो, मग दूध, गॅस, पाण्याच्या बाटल्या सगळंच अडकतं. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात पोचलं खरं, पण तिचे पंपही विजेवरच चालतात.

अशा वेळी हमखास निघणारा विषय म्हणजे, पाणी उकळून त्याची वाफ धरली आणि गार केली, म्हणजेच पाणी डिस्टिल केलं, तर ते प्यायला चालेल का? चालतं. घरातल्या पातेल्या-कढईत होतं आणि नवख्या माणसालाही जमतं. पण ही पद्धत भयंकर गॅसखाऊ आहे, आणि पुराच्या पाण्यातली एक मोठी भानगड तिच्यानं सुटतच नाही. म्हणून कृतीआधी थोडा हिशेब करू. तो वगळून थेट पातेल्याकडे जाऊ नका.

गॅसचा हिशेब

एक लिटर पाणी उकळीला आणायला साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. तेच लिटरभर पाणी पूर्ण वाफ करून परत थंड करायचं तर घरगुती मांडणीत १०० ते १३० ग्रॅम जातो. कारण साधं आहे. पाणी तापवण्यापेक्षा तापलेल्या पाण्याची वाफ करायला कितीतरी जास्त उष्णता लागते: लिटरमागे उकळीपर्यंत जवळपास ३०० किलोज्यूल, आणि तिथून वाफ होईपर्यंत आणखी २२५० च्या आसपास.

म्हणजे १४.२ किलोच्या भरलेल्या सिलिंडरमधून हाती लागणार शंभर-सव्वाशे लिटर. चौघांचं घर धरा. पिण्यापुरतं माणशी तीन लिटर म्हटलं तरी रोजचे बारा लिटर झाले. त्यासाठी दिवसाला जवळपास दीड किलो गॅस आणि बारा-पंधरा तास पेटती शेगडी. स्वयंपाक कधी करायचा? विजेवर करायचं तर इंडक्शनला लिटरमागे एक युनिटच्या आसपास लागतं. पण पुरात महावितरणनं सुरक्षेसाठी लाइन बंद केलेली असते, त्यामुळे तो विषयच मिटतो. बाजारात मिळणारं चार लिटरचं टेबलावरचं डिस्टिलर यंत्रही याच कारणानं पुरात शोभेचं. घरातला आरओसुद्धा वीज आणि पाण्याचा दाब नसेल तर भिंतीवर टांगलेला डबाच.

तेव्हा डिस्टिल करणं हा रोजचा मार्ग समजू नका. बाकी मार्ग संपले, किंवा हाती असलेलं पाणी उकळूनही पिण्याजोगं होणार नसेल, तेव्हाच तो काढायचा.

त्याआधीचे सोपे मार्ग

पहिला मार्ग साठवणीचा. नदी इशारा पातळीकडे सरकू लागली की, मच्छिंद्री (शिवाजी पुलाच्या कमानींपर्यंत पाणी चढणं) व्हायची वाट न बघता, नळाचं चांगलं पाणी भरून ठेवा. माणशी दिवसाला पिण्यासाठी तीन लिटर आणि स्वयंपाकासाठी तेवढंच धरलं, तर चौघांना पाच दिवसांचं सव्वाशे लिटरच्या आत भागतं. वीस लिटरचे सहा जार झाले. कळश्या, स्टीलची पिंपं, झाकणाचे डबे, जे असेल ते घासून भरा, झाकण घट्ट लावा आणि तळमजल्यावर राहत असाल तर माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा. कुंभार गल्ली, सुतारवाडा, बापट कॅम्प, नागाळा पार्कचा खालचा भाग, इथल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा मार्ग पावसाचा, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षित. कोल्हापूरला पूर येतो तो भर पावसाळ्यात. आभाळातून पडणारं पाणी म्हणजे सूर्यानं आधीच डिस्टिल करून दिलेलं पाणी, तेही बिनागॅसचं. गच्चीत धुतलेली ताडपत्री चारी कोपऱ्यांनी बांधा, मध्ये झोळ ठेवा, खाली पिंप. पत्र्याच्या पन्हळीतून घेत असाल तर पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी वाहून जाऊ द्या, कारण त्यात पत्र्यावरची धूळ आणि कावळे-कबुतरांची घाण येते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवरचं आणि डांबर मारलेल्या गच्चीवरचं पाणी पिण्यासाठी धरू नका. गोळा केलेलं पाणी गाळून उकळा. झालं.

तिसरा मार्ग उकळण्याचा. पाणी गढूळ आहे, जंतूंची भीती आहे, पण त्याला तेलाचा, औषधाचा वास नाही आणि ते खारटही नाही, तर उकळणं पुरेसं आहे. आधी तुरटीचा खडा पाण्यात सात-आठ वेळा फिरवा, दोन-तीन तास निवळू द्या, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या आणि स्वच्छ सुती कापडाच्या चार घडीतून गाळा. मग गॅसवर ठेवा. पाणी खळखळ उकळू लागल्यावर एक मिनिट पुरे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर असल्यानं इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, पण जंतू मरायला तेवढं भरपूर झालं. वीस-वीस मिनिटं उकळत ठेवायचा जुना सल्ला पुराच्या दिवसांत सोडून द्या, त्यात नुसता गॅस जळतो. कावीळ, हगवण, टायफॉइड यांचे जंतू एवढ्यानं जातात. इचलकरंजीत २०१२ साली आलेली काविळीची साथ ज्यांनी पाहिली, ते आजही उकळल्याशिवाय पाणी तोंडाला लावत नाहीत, आणि बरोबर करतात.

गॅस अगदीच कमी असेल तर मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात. प्रमाण बाटलीवर छापलेलं असतं तेच वापरा आणि पाणी अर्धा तास तसंच राहू द्या. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून आधी निवळणं इथंही आलंच.

मग डिस्टिल कधी करायचं?

पाण्यात विरघळलेलं काही असेल तेव्हा. उकळून क्षार जात नाहीत, उलट पाणी आटतं तसे ते दाटतात. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीच्या पट्ट्यात बोअरचं पाणी चहाला लावलं तरी चव कळते. नृसिंहवाडी, कुरुंदवाड भागात कृष्णा आणि पंचगंगा दोन्हींचं पाणी फुगलं, गाव तुटलं आणि हाताशी फक्त खारट बोअर उरली, तर तिथं डिस्टिल करणं कामाचं आहे. शेतातून वाहत आलेल्या पाण्यात खतांचे नायट्रेट असतात, ते वाफेबरोबर वर येत नाहीत. पाण्यातला रंग, जड धातू, फ्लोराइड, गाळ, जंतू, सगळं खाली पातेल्यात राहतं.

आता नाही कधी. पाण्याला पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर किंवा तणनाशकाचा वास येत असेल, वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग दिसत असेल, तर ते पाणी डिस्टिल करूनही प्यायचं नाही. हे पदार्थ पाण्याच्या वाफेबरोबर स्वतःही वर चढतात आणि थंड झाल्यावर तुमच्या वाडग्यात येऊन बसतात. शहरात पूर शिरला की गॅरेजं, पार्किंगमधल्या गाड्या, खतांची दुकानं सगळी त्याच पाण्यात असतात. म्हणून रस्त्यावर तुंबलेलं पाणी शक्यतो घेऊच नका. घ्यायची वेळ आलीच तर विहिरीचं, बोअरचं, टाकीतलं उरलेलं पाणी आधी पाहा.

सामान

उंच, सरळ बाजूंचं दहा-बारा लिटरचं स्टीलचं पातेलं. त्याच्या तोंडावर नीट बसेल अशी, गोल बुडाची कढई. स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चालेल, लोखंडी नको, गंज उतरतो. आत ठेवायला लिटरभराचा स्टीलचा वाडगा. वाडगा पाण्याच्या वर राहावा म्हणून तिवई किंवा इडलीपात्राचं स्टँड. बसकं झाकण वापरून पाहणारे बरेच असतात, पण सपाट झाकणावरचं पाणी कडेनं ओघळतं आणि परत पातेल्यात जातं. कढईचं गोल बूड असेल तर प्रत्येक थेंब घरंगळत मधोमध येतो आणि तिथूनच टपकतो. सगळी युक्ती त्या गोल बुडात आहे.

प्लास्टिकचा वाडगा, जुन्या रंगाचे डबे, जस्ताची बादली यातलं काही वापरू नका. डिस्टिल्ड पाण्यात क्षार नसल्यानं ते भांड्यातलं काहीबाही ओढून घेतं.

कृती

१. पाणी आधी तुरटीनं निवळून, कापडानं गाळून घ्या. गाळ असलेलं पाणी तळाला लागतं आणि फेसाळून वर उडतं.

२. पातेल्यात तीन लिटर पाणी घाला. ते तीन बोटं उंचीपर्यंत येईल. मध्ये तिवई ठेवा. तिचं वरचं टोक पाण्याच्या वर किमान दोन बोटं हवं. तिवई नसेल तर जड बुडाचा छोटा डबा त्याच पाण्यानं काठोकाठ भरून आत ठेवा. रिकामा ठेवलात तर तो तरंगेल आणि वाडग्यासकट आडवा होईल.

३. वाडगा तिवईवर ठेवा. कढई वरून ठेवून पाहा. कढईचं बूड वाडग्याच्या मधोमध यायला हवं आणि वाडग्याच्या काठापासून दोन बोटं वर राहायला हवं. टेकलं तर थेंब बाहेरून ओघळतील.

४. कढई अजून लावू नका. आधी पातेलं उघडंच ठेवून पाण्याला उकळी आणा आणि तीन-चार मिनिटं तशीच वाफ जाऊ द्या. पाण्यात क्लोरीन असेल किंवा इतर काही चटकन उडणारं असेल तर त्यातलं बरंचसं इथं निघून जातं. खिडकी उघडी हवी. डिझेलचा वास यानं जाईल अशी आशा मात्र धरू नका.

५. मग कढई बसवा, तिच्यात गार पाणी भरा आणि गॅस मध्यम करा. हा मध्यम शब्द फार महत्त्वाचा. मोठ्या आचेवर पाणी खदखदलं की त्याचे बारीक शिंतोडे उडून वाडग्यात पडतात आणि सगळी मेहनत वाया जाते. पाणी हलत राहील, पण उसळणार नाही, इतकीच आच ठेवा.

६. पातेल्याचा काठ आणि कढई यांच्या फटीतून वाफ निसटते. कणकेची लांब वळी करून काठावर दाबली तर ती थांबते, मात्र बोटभर जागा मोकळी सोडायचीच. पूर्ण बंद भांड्यात वाफ कोंडायची नसते.

७. कढईतलं पाणी सात-आठ मिनिटांत चांगलंच तापतं. हात लावून चटका बसू लागला की ते मगानं उपसा आणि गार पाणी भरा. लिटरभर पाणी मिळवायला असं बारा-पंधरा लिटर गार पाणी लागतं. भिऊ नका, हे पाणी पिण्याचं नाही, पुराचं चालतं. फक्त ते कढईच्या काठावरून आत ठिबकणार नाही एवढं पाहा. पातेल्यात जे पाणी घालायचं आहे तेच निवळलेलं पाणी कढईत वापरलं तर दुहेरी काम होतं: तापलेलं पाणी पुढच्या घाण्याला घ्यायचं, गॅस तेवढाच वाचतो.

८. तासा-सव्वा तासात लिटरभर पाणी गोळा होतं. वाडगा भरत आला की गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग कढई काढा. कढई उचलताना तिची कड तुमच्यापासून लांबची आधी वर करा. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो, आणि पुरात दवाखाना गाठणं सोपं नसतं.

९. पातेल्यात शेवटी पाऊण-एक लिटर पाणी उरलं की थांबा. ते फेकून द्या. सगळे क्षार, सगळी घाण आता त्यात दाटलेली आहे. त्यातच नवं पाणी ओतून पुढचा घाणा लावायचा मोह होतो, तो टाळा. कोरडं पडेपर्यंत तर मुळीच जाळू नका.

दारं-खिडक्या लावून, पाऊस आत येतो म्हणून कोंडून, तासन्‌तास शेगडी पेटती ठेवणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा धोका. कोळशाची किंवा लाकडाची शेगडी असेल तर ती घरात नकोच, जिन्यात किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली न्या. शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, डोकं दुखायला लागतं तोवर उशीर झालेला असतो.

मे महिन्यातच करून बघायच्या दोन चाचण्या

पूर आल्यावर पहिल्यांदा कढई शोधायला लागू नका. उन्हाळ्यात, नळाला पाणी असताना, एकदा मांडणी लावून पाहा. शेजारच्या काकू "काय, हातभट्टी लावली काय?" असं विचारतील. विचारू देत. मांडणी खरोखर तशीच असते, फक्त आत गूळ आणि नवसागर नसतो.

पहिली चाचणी मिठाची. तीन लिटर नळाच्या पाण्यात चार चमचे मीठ आणि चमचाभर हळद घाला. वरच्या पद्धतीनं वाडगाभर पाणी काढा. ते काचेच्या ग्लासात उजेडाकडे धरून पाहा आणि चव घ्या. पिवळट झाक किंवा किंचितही खारटपणा असेल तर शिंतोडे उडताहेत: आच कमी करा, पाणी कमी घाला किंवा वाडगा वर उचला. नितळ आणि बेचव पाणी आलं की तुमची मांडणी जमली. पेनासारखं टीडीएस मीटर घरात असेल तर त्यानंही कळतं. नळाच्या पाण्याचा आकडा शंभराच्या घरात असेल तर वाडग्यातल्या पाण्याचा दहा-वीसच्या आत यायला हवा. पण एक लक्षात ठेवा, ते मीटर फक्त क्षार मोजतं. जंतू किंवा डिझेल त्याला दिसत नाही, त्यामुळे त्याचा कमी आकडा म्हणजे पाणी शुद्ध असल्याचा दाखला होत नाही.

दुसरी चाचणी ओव्याची, आणि माझ्या मते प्रत्येकानं ही एकदा करावीच. पातेल्यातल्या पाण्यात मूठभर ओवा टाका आणि डिस्टिल करा. वाडग्यातलं पाणी काचेसारखं नितळ येईल. मीटर लावलं तर आकडा जवळजवळ शून्य. आणि नाकाशी नेलं तर ओव्याचा घमघमाट! ओव्यातलं तेल वाफेबरोबर वर चढलं, कढईच्या बुडाला लागलं आणि पाण्यासोबत खाली उतरलं. अर्क काढतात तो असाच. गुलाबपाणीही असंच निघतं. आता ओव्याच्या जागी डिझेल ठेवून विचार करा. दिसायला स्वच्छ आणि बेचव पाणी का फसवं असू शकतं, हे वाचून जेवढं पटत नाही तेवढं या एका वासानं पटतं. म्हणून डिस्टिल केलेलं प्रत्येक वाडगाभर पाणी गार झाल्यावर आधी हुंगायचं, मगच साठवायचं. वास आला की सरळ मोरीत.

कुकर, तांब्याची नळी आणि सूर्याचा खड्डा

कुकरची शिट्टी काढून तिथं नळी लावायची आणि नळी गार पाण्याच्या बादलीतून न्यायची, ही मांडणी जलद काम करते, वाफही वाया जात नाही. नवख्या माणसानं मात्र या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. नळी कुठं दुमडली किंवा आत गाळ अडकला तर वाफ कोंडते, आणि मग सगळी भिस्त त्या छोट्या सेफ्टी व्हॉल्ववर. शिवाय घरात सापडणारी नळी बहुधा बागेची असते, गरम वाफेनं तिचा वास आणि बरंच काही पाण्यात उतरतं. तांब्याच्या जुन्या नळीला कथलाचं डागकाम असेल तर त्यातलं शिसं पाण्यात येऊ शकतं. ज्याला हे करायचंच आहे त्यानं स्टीलची नळी घ्यावी, कुकर अर्ध्यापेक्षा कमी भरावा, व्हॉल्व नवा बसवावा आणि शेगडीपासून हलू नये.

जमिनीत खड्डा करून वर प्लास्टिक ताणायचं, मध्ये खडा ठेवायचा, खाली वाटी, ही युक्ती सगळ्यांनी कुठं ना कुठं पाहिलेली असते. कडक उन्हातही दिवसाला अर्धा लिटर मिळालं तर नशीब. आणि आपल्या पुरात ऊन असतंच कुठं? आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिरक्या काचेची, आत काळा रंग दिलेली सौर पेटी केली तर एप्रिल-मेच्या उन्हात दर चौरस मीटरला दिवसाला दोन ते चार लिटर पाणी येतं. शिरोळकडच्या खारट बोअरवाल्यांना उन्हाळ्यात ती उपयोगी पडेल. पुरासाठी तिचा विचार सोडा.

प्यायचं कसं, ठेवायचं कसं

ताजं डिस्टिल्ड पाणी मचूळ लागतं. दोन भांड्यांत उंचावरून पाच-सहा वेळा इकडून तिकडे ओतलं की हवा मिसळते आणि चव सुधारते. लिटरला चिमूटभर मीठ घातलं तरी चालतं. थोडे दिवस असं पाणी प्यायल्यानं काही बिघडत नाही. आपल्याला लागणारे क्षार मुख्यतः जेवणातून मिळतात, आणि पुराच्या दिवसांत भाकरी-आमटी चालूच असते. जुलाब होत असलेल्या माणसाला मात्र नुसतं पाणी पाजत बसू नका. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून द्या. लहान बाळाच्या दुधासाठी हे पाणी चांगलं, फक्त भांडं उकळलेलं असू द्या.

पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं 'डिस्टिल्ड वॉटर' पिऊ नका. ते इन्व्हर्टरसाठी असतं, पिण्यासाठी त्याची तपासणी झालेली नसते, आणि डबाही खाद्यपदार्थाचा नसतो.

साठवायला काचेची बरणी किंवा झाकणाचा स्टीलचा डबा. आधी तो उकळत्या पाण्यानं विसळा. डिस्टिल्ड पाण्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे एक घाणेरडा हात बुडाला की त्यात पुन्हा जंतू वाढायला मोकळे. तांब्या बुडवायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं किंवा तोटीनं घ्यायचं. डब्यावर पट्टी चिकटवून तारीख टाका. दोन-तीन दिवसांत संपवा, त्याहून जास्त ठेवायचं झालं तर पिण्याआधी एक उकळी द्या. घरात गॅस मोजका असेल तर हे पाणी कुणाला द्यायचं हेही आधीच ठरवा: बाळं, गरोदर बाई, डायलिसिसवरचा किंवा आजारी माणूस यांना आधी. बाकीच्यांनी पावसाचं उकळलेलं प्यावं. भात शिजवायला, भाजी धुवायला डिस्टिल्ड पाणी वापरणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

पाणी ओसरल्यावर

पातेल्याच्या आत आणि तिवईवर पांढरट थर बसलेला असतो. लिंबाच्या फोडीनं किंवा पाण्यात कालवलेल्या व्हिनेगरनं तो निघतो. राहू दिला तर पुढच्या वेळी गॅस जास्त लागतो. कढई पुराच्या पाण्यानं भरली असेल तर साबणानं घासा आणि ब्लिचिंगच्या पाण्यानं विसळून मगच स्वयंपाकाला घ्या. पुराचं पाणी हाताळताना पायाला जखम असेल तर बूट घाला, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) भीती खरी आहे.

नळाला पहिल्यांदा पाणी येतं ते बहुधा गढूळ असतं. ते काही वेळ वाहू द्या, नंतर भरलेलंही महापालिका पाणी चांगलं आहे असं जाहीर करेपर्यंत उकळूनच प्या. जमिनीखालची टाकी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर ती पूर्ण उपसायची, गाळ काढायचा, भिंती घासायच्या, ब्लिचिंग पावडरचं पाणी मारून काही तास ठेवायचं आणि धुऊन मग भरायचं. आणि ती भरणारी मोटार पाण्यात गेलेली असेल तर बटण दाबण्याआधी वायरमनला दाखवा.